वर्गसंघर्षाचे सिद्धांत आणि १९८२ चा गिरणी संप

कृष्णाकाठ

समाजशास्त्र शिकवतो. वर्गसंघर्षाचा भाग आला की मुलांच्या वहीत तीन विचारवंतांचे तीन रकाने तयार होतात: मार्क्स, वेबर, डारेनडॉर्फ. रकाने भरले की परीक्षा निघते, पण हे तिघे नेमके कशावरून भांडतात ते त्यातून कळत नाही. ते कळायचं तर एखादा खराखुरा संघर्ष समोर ठेवून प्रत्येकाला विचारावं लागतं, की तुमच्या सिद्धांताला इथलं काय दिसतं? मी त्यासाठी मुंबईचा १९८२ चा गिरणी संप घेतो. मराठी घरांत त्याच्या आठवणी पुष्कळ आहेत, सिद्धांताच्या अंगाने चर्चा त्या मानाने फार कमी. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो. संप का पेटला हे समजायला डारेनडॉर्फ जास्त उपयोगी पडतो. तो का हरला हे समजायला मार्क्सकडे परत जावं लागतं. कामगारांची फळी आतून कुठे चिरलेली होती, हे मात्र या दोघांकडून नीट कळत नाही.

मार्क्सपासून सुरुवात करू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून या वृत्तपत्रात मार्क्सचा हिंदुस्थानावरचा लेख छापून आला. रेल्वे आली की तिच्यामागून आधुनिक उद्योग येतील, आणि जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी त्यांच्यामुळे मोडेल, असं त्यात म्हटलंय. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. उद्योग येईल हे भाकीत इतक्या लवकर खरं ठरलं. जातीबद्दलचं भाकीत ठरलं का, यावर प्रतिसादांत बोलू.

मार्क्सबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की तो श्रीमंत विरुद्ध गरीब असं सांगतो. वर्ग म्हणजे उत्पन्नाचा गट, असं तो कुठेच मानत नाही. उत्पादनाची साधनं कोणाच्या मालकीची आणि पोटासाठी श्रमशक्ती कोणाला विकावी लागते, यावरून त्याचे वर्ग ठरतात. कामगाराला मिळणारी मजुरी आणि त्याने दिवसभरात निर्माण केलेलं मूल्य यांत फरक असतो. हे वरकड मूल्य मालकाकडे जातं. मालक सज्जन असला तरी बाजारातल्या स्पर्धेत टिकायला त्याला ते वाढवावंच लागतं: कामाचे तास वाढवून, नाहीतर त्याच तासांत जास्त काम काढून. म्हणून मार्क्सच्या मते भांडण स्वभावाचं नसतं, रचनेतच असतं. गंमत अशी की 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडातलं 'वर्ग' हे शेवटचं प्रकरण दीडेक पानावर तुटतं. मार्क्स १८८३ मध्ये गेला, एंगल्सने तो खंड १८९४ मध्ये छापला, आणि वर्ग म्हणजे काय याचं सलग उत्तर अर्धवटच राहिलं.

राल्फ डारेनडॉर्फ त्याच तुटलेल्या जागेपासून सुरुवात करतो. हा माणूस १९२९ साली हॅम्बुर्गला जन्मला. वडील समाजवादी पक्षाचे, नाझींच्या तुरुंगात गेलेले. हा स्वतः शाळकरी वयात छावणीत डांबला गेला होता. १९५७ मध्ये त्याचं वर्गसंघर्षावरचं पुस्तक आलं. त्याचा युक्तिवाद असा: मार्क्सच्या काळी गिरणीचा मालक आणि गिरणी चालवणारा एकच होता. भागभांडवलाच्या कंपन्या आल्यावर मालक भागधारक झाला आणि कारभार पगारी व्यवस्थापकांकडे गेला. तरी संघर्ष संपला नाही. मग त्याचं मूळ मालकीत नसून अधिकारात असलं पाहिजे. जिथे कोणी हुकूम देतो आणि बाकीचे तो पाळतात, तिथे दोन बाजू आपोआप पडतात, मग ती खासगी कंपनी असो, सरकारी कारखाना असो, चर्च असो की सैन्य. हा संघर्ष नाहीसा करता येत नाही, पण त्याचं नियमन करता येतं. त्यासाठी दोन्ही बाजूंनी एकमेकांचा भांडण्याचा हक्क मानला पाहिजे, दोन्ही बाजू संघटित पाहिजेत आणि भांडणाचे नियम दोघांना मान्य पाहिजेत.

आता मुंबईकडे या. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा वाचला तर तो डारेनडॉर्फच्या सूचनेवरूनच केला असावा असं वाटतं, इतकी त्यात नियमनाची सोय आहे. नोंदणीकृत संघटना, नोटीस, समेट अधिकारी, औद्योगिक न्यायालय, सगळं आहे. पण एका भागातल्या एका उद्योगाला एकच प्रातिनिधिक संघटना, अशी त्यात तरतूद होती. मुंबईच्या कापड उद्योगात ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. प्रातिनिधिक कोण हे सभासदांच्या नोंदी तपासून ठरायचं, कामगारांच्या गुप्त मतदानाने नाही. हजारो कामगार उद्या दुसऱ्या संघटनेकडे गेले तरी त्या संघटनेला वाटाघाटीच्या टेबलावर बसण्याचा हक्क नाही.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून वाद झाला आणि कामगार घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्यांत पगारवाढ होती, भत्ते होते, बदली (गैरहजर कामगाराच्या जागी लागणाऱ्या) कामगारांना कायम करण्याची मागणी होती, आणि हा १९४६ चा कायदाच रद्द करा अशीही मागणी होती. पुष्कळांना ही शेवटची मागणी सामंतांच्या राजकारणाचा भाग वाटते. मला ती संपाचा गाभा वाटते. आमच्या वतीने कोणी बोलायचं हे आम्ही ठरवू, एवढंच कामगार म्हणत होते. कायदेशीर दार बंद असल्यामुळे त्यांना ते रस्त्यावर येऊन म्हणावं लागलं.

डारेनडॉर्फचा आणखी एक मुद्दा इथे चपखल बसतो. माणसाच्या आयुष्यातली वेगवेगळी भांडणं एकमेकांवर चढली की संघर्षाची तीव्रता वाढते. गिरणगावात नेमकं तेच झालं होतं. ज्याच्याबरोबर पाळी करायची त्याच्याच शेजारी चाळीत राहायचं, त्याच्याबरोबर भजनाला बसायचं, त्याच्याच गावची एसटी धरायची. गिरणीतला वाद गेटबाहेर आला की घरापर्यंत येत होता.

मात्र डारेनडॉर्फची नजर गिरणीच्या गेटपाशी थांबते. अधिकार गेटच्या आत असतो. मालकाला गेटला कुलूप लावून बाहेर पडता येतं, कारण त्याच्याकडे अधिकाराखेरीज मालमत्ता असते. संपाच्या काळात कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर तयार होत राहिलं. कित्येक गिरण्यांचा नफा आधीच दुसऱ्या धंद्यांत गेला होता, यंत्रं जुनाट होती. आणि खाली जमीन होती, मुंबईच्या ऐन मध्यात सुमारे सहाशे एकर. मालकाने संप लांबवला तो जमिनीसाठीच, असं १९८२ बद्दल म्हणणं मला घाईचं वाटतं, कारण तेव्हा त्या जमिनीचा वापर सहज बदलता येत नव्हता. पण ती होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला: एक तृतीयांश महापालिकेला मोकळी जागा म्हणून, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये तो बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरण्यांच्या आवारात अशी जागा ती किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. पिढ्यान्‌पिढ्या कामगारांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या या आवारांचं पुढे जे झालं, ते मालकीच्या सिद्धांताशिवाय समजत नाही.

वाचा, आणि मोकळेपणाने खोडून काढा.

मनमाडकर

लेख आवडला सर. तुम्ही जो धागा प्रतिसादांसाठी सोडलात तोच पकडतो.

१८५३ चं जातीबद्दलचं भाकीत फसलं, आणि ते गिरणीच्या आतच फसलं. कामगारांमध्ये अस्पृश्य समाजाचे लोक पहिल्यापासून होते, पण कताईकडच्या खात्यांत. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, त्यांना प्रवेश नव्हता. तिथे मजुरी जास्त होती. कारण काय, तर धोट्यातली (शटलमधली) सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढायचा असे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार हातात घेणार नव्हते. ही बंदी मालकाने घातलेली नव्हती. कामगारांनी कामगारांवर घातली होती.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला, की साचाखातं आमच्या लोकांना खुलं करण्याची मागणी यादीत आली पाहिजे. लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट, पुढाऱ्यांनी ती नाखुषीने घेतली. पुढे १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या निबंधात त्यांनी जे मांडलं, की जात ही श्रमांचीच नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, त्यामागे साचाखात्याचा हा अनुभव आहे असं मी मानतो.

वर्ग त्यांनी सोडला होता असंही कोणी समजू नये. फेब्रुवारी १९३८ मध्ये आमच्या मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते. संपाचा हक्क काढून घेणारं विधेयक म्हणून बाबासाहेबांनी त्याला विरोध केला होता. तुम्ही म्हणता ते १९४६ च्या कायद्याचं दुखणं १९३८ पासूनचं आहे.

कृष्णाकाठ

मनमाडकर, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. वेबर इथेच उपयोगी पडतो. त्याच्या मते बाजारातल्या स्थानावरून वर्ग ठरतो, पण मान-प्रतिष्ठेवरून बनलेले गट वेगळे असतात, आणि असा गट चांगल्या संधी आपल्यापुरत्या राखून बाकीच्यांना दार लावतो. साचाखातं हे त्या दार लावण्याचं फार स्पष्ट उदाहरण आहे. फरक एवढाच, की वेबरने हे दूरवरून, पुस्तकं वाचून लिहिलं. आंबेडकरांनी संपाच्या मागण्यांची यादी हातात घेऊन त्याला सामोरं जाऊन दाखवलं. मी वर्गात हे दोघे एकत्र शिकवतो.

हिंजवडीकर

प्रामाणिक शंका आहे. मी आयटीत आहे. माझ्या म्युच्युअल फंडात आमच्याच कंपनीचे शेअर असतील. माझ्या हाताखाली माणसं आहेत, माझ्या डोक्यावर माणसं आहेत. मी भांडवलदार की कामगार? आणि आमच्याकडे कधी संप झालेला नाही, मग वर्गसंघर्ष आहे असं कशावरून म्हणायचं?

अनुस्वार

हिंजवडीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नावर एरिक ओलिन राइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने उभी हयात घालवली. त्याचं उत्तर असं, की व्यवस्थापक आणि तज्ज्ञ परस्परविरोधी वर्गस्थानांत असतात. हाताखालच्यांच्या दृष्टीने तुम्ही कंपनी आहात, वरून आलेल्या कपातीच्या मेलच्या दृष्टीने तुम्ही कामगार आहात. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. फंडातले शेअर फारसं काही बदलत नाहीत. उद्या नोकरी गेली तर त्या शेअरच्या लाभांशावर घर चालेल का, हा कसोटीचा प्रश्न.

दुसऱ्या प्रश्नावर मायकेल बुरावॉय. हा शिकागोच्या एका यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात स्वतः कामगार म्हणून राहिला आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याने प्रश्नच उलटा केला: कामगार भांडत का नाहीत हे विचारण्यापेक्षा, ते इतकं मन लावून काम का करतात? त्याला दिसलं, की नगावर मजुरी असल्यामुळे कामगारांनी कोटा गाठण्याचा एक खेळ बनवला होता. खेळात रंगलं की खेळाचे नियम कोणी केले हे विचारायचं राहून जातं. तुमच्याकडचं अप्रेझल, रेटिंग, 'या तिमाहीत कोण पुढे' हे त्याच जातीचं आहे. संमती तयार होते म्हणून संघर्ष दिसत नाही. तो नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

परळची मुलगी

मी समाजशास्त्राची नाही, पण वडील आणि आजोबा दोघेही गिरणीत होते, म्हणून लिहिते.

संपाबद्दल पुस्तकी माणसं एक वाक्य हमखास म्हणतात, की मुंबईचा गिरणी कामगार अर्धा शेतकरी होता, गावाकडे त्याचा जीव अडकलेला, त्यामुळे त्याच्यात खरी वर्गजाणीव कधी आलीच नाही. हे मला फार लागतं. आमच्याकडे संपात चूल पेटली ती गावच्या तांदळावर. आजी चिपळूणच्या बाजूची. एसटीने पोती यायची, काका भात लावून परत यायचे. ज्यांचं गावाकडे काहीच नव्हतं त्यांचे सगळ्यात आधी हाल झाले. गाव नसतं तर संप दोन महिन्यांत मोडला असता. मग गावाशी असलेलं नातं ही कमजोरी कशी?

दुसरं असं, की या सगळ्या चर्चेत कामगार म्हणजे पुरुष. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, वाइंडिंग आणि रीलिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, विशेषकरून. नंतर त्या कमी कमी होत गेल्या. नवी यंत्रं आली ती त्यांच्या खात्यांत, रात्रपाळीची बंदी त्यांनाच, बाळंतपणाची रजा द्यावी लागेल म्हणून नकार त्यांनाच. आणि खाणावळी? एकट्या राहणाऱ्या हजारो गड्यांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या बायकांचं काम कुठल्या रकान्यात टाकता? उधारीवर त्यांनी संपातही जेवू घातलं. ती उधारी पुष्कळांची फिटलीच नाही.

कृष्णाकाठ

ताई, तुमचा पहिला मुद्दा इतिहासकारांनी अगदी याच अंगाने मांडलाय. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांवर आयुष्यभर काम केलं. गावाशी असलेला संबंध कामगाराला दुबळा करत नाही, उलट संपात टिकून राहायचं बळ देतो, हा त्यांच्या अभ्यासातला महत्त्वाचा निष्कर्ष आहे. अर्धा शेतकरी हा सिद्धांत मुळात इंग्लंडकडे बघून बनला, आणि इंग्लंडबद्दलही तो सरळ लागू होत नाही. ई. पी. थॉम्प्सनने १९६३ मध्ये इंग्लिश कामगारवर्गावर लिहिताना हेच ठासून सांगितलं, की कारखान्याने कामगारवर्ग आपोआप तयार केला नाही. तिथल्या विणकरांनी, कारागिरांनी आपले जुने हक्क, जुनी धर्मश्रद्धा, जुन्या संघटना बरोबर आणल्या आणि त्यांतून स्वतःला घडवलं. मग आमचा कामगार वारी, भजनी मंडळ आणि भाताचं पोतं घेऊन आला तर तो कमी कसा ठरतो?

खाणावळींचा मुद्दा मार्क्सच्या हिशेबात बसत नाही हे खरं आहे. मजुरी म्हणजे उद्या पुन्हा कामावर यायला लागणारा खर्च, असं तो म्हणतो. पण त्या खर्चात भाकरी थापणारे हात किती स्वस्तात धरलेत, हा प्रश्न पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारला. याचा स्वतंत्र धागा तुम्ही काढावा अशी विनंती.

साबरमती

अहमदाबादेत वाढलेला मराठी माणूस आहे. मूळ लेखाच्या पहिल्या अर्ध्याशी सहमत नाही, किंवा निदान तो तपासायला हवा.

अहमदाबादेत मुंबईच्या अगदी उलटी परंपरा होती. १९१८ मध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली संप झाला, पस्तीस टक्के वाढीची मागणी होती, आणि वाद लवादाकडे गेला. १९२० मध्ये मजूर महाजन ही कामगार संघटना स्थापन झाली. त्यानंतर अनेक दशकं भांडण झालं की लवाद, असा रिवाज. सामंतांसारखा नेता नाही, दीड-दोन वर्षांचा संप नाही. तरीही ऐंशीच्या दशकात अहमदाबादच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कामगार तसेच रस्त्यावर आले. मग मुंबईचा संप हा बंद पडण्याचं कारण कसा? यंत्रमागाची स्पर्धा, जुनी यंत्रं, सरकारचं वस्त्रधोरण, कृत्रिम धागा, हीच कारणं दोन्हीकडे होती. सामंतांनी गिरण्या बुडवल्या ही मुंबईतली लोककथा आहे.

कृष्णाकाठ

साबरमती, तुमचं उदाहरण माझ्या म्हणण्याला तपासायला सगळ्यात चांगलं आहे, मनापासून आभार. संपामुळे गिरण्या बंद पडल्या असं मी म्हटलेलं नाही. संप का हरला एवढंच म्हटलंय. पण तुमची तुलना आणखी पुढे नेते. अहमदाबादेत नियमनाची परंपरा होती म्हणून संघर्ष पेटला नाही, इथपर्यंत डारेनडॉर्फ बरोबर ठरतो. पण पेटला नाही तरी कामगार हरलेच. म्हणजे भांडवलाने एका उद्योगातून पाय काढायचं ठरवलं, की संघटना लढाऊ आहे की सबुरीची याने शेवट बदलत नाही. हा निष्कर्ष मला स्वतःला अस्वस्थ करतो, पण दोन्ही शहरं एकत्र ठेवली की तोच निघतो.

मुंबईत एक आणखी गोष्ट होती. मालकी आणि कारभार वेगळे होणं ही डारेनडॉर्फला आधुनिक घटना वाटते. आपल्याकडे मॅनेजिंग एजन्सीची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून होती. थोडे भाग हातात ठेवून एखादं घराणं पिढ्यान्‌पिढ्या गिरणी चालवायचं, आणि सुरुवातीच्या काळात तर त्यांचं कमिशन नफ्यावर नसून सुताच्या उत्पादनावर असायचं. गिरणी तोट्यात गेली तरी एजंटाचं कमिशन सुरू. ही पद्धत १९७० मध्ये कायद्याने बंद झाली, पण यंत्रसामग्रीत पैसा न घालण्याची सवय तोवर मुरली होती.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून लिहितो. इथे डारेनडॉर्फचा सिद्धांत रोज कामावर दिसतो, म्हणून तो कोणत्या मातीत रुजला ते सांगतो.

जर्मनीत १९५१ च्या कायद्याने कोळसा आणि पोलाद उद्योगांतल्या मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर कामगारांना निम्म्या जागा मिळाल्या. १९७६ मध्ये दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या इतर कंपन्यांनाही तशी तरतूद आली, फक्त तिथे बरोबरी झाली तर अध्यक्षाचं जादा मत भागधारकांच्या बाजूचं. शिवाय पाच जणांच्या कंपनीतही कामगार आपली कामगार परिषद निवडू शकतात. पाळ्यांच्या वेळा, जादा तास अशा गोष्टींत तिची संमती लागते. कृष्णाकाठ सर ज्यावर बोट ठेवतात तोच फरक इथे आहे: परिषदेची निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि गुप्त मतदानाने होते. मी मत दिलंय. कामगार संघटनेचा सभासद नसलेलाही मत देतो.

पण कंपनीने एखादं उत्पादन पूर्व युरोपात न्यायचं ठरवलं, की ही परिषद नुकसानभरपाईची घासाघीस करते. निर्णय फिरवू शकत नाही. अहमदाबादच्या उदाहरणाशी हे जुळतं.

मनमाडकर

मग आपल्याकडच्या नव्या कायद्याबद्दल बोलायला हवं. औद्योगिक संबंध संहिता, २०२०. एकाहून जास्त संघटना असतील तर हजेरीपटावरच्या एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना. कोणाकडेच तेवढा पाठिंबा नसेल तर किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद. पण हा पाठिंबा मोजायचा कसा, ते नियमांवर सोडलंय. संपाला चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांत लागू. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही, आधी ही मर्यादा शंभर होती. पाठिंबा नोंदींवरून मोजणार की गुप्त मतदानाने, यावर १९४६ ची गोष्ट परत घडणार की नाही हे ठरेल.

कृष्णाकाठ

हेच. गुप्त मतदान सक्तीचं करा, ही मागणी सगळ्या संघटनांनी एकमुखाने केली पाहिजे. प्रस्थापित संघटनांना ती गैरसोयीची वाटते, म्हणून ती मागे पडते. मला याचा राग येतो. कामगाराच्या नावाने बोलणाऱ्याने कामगाराच्या मताला घाबरता कामा नये.

यंत्रमाग

उशिरा लिहितोय. तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत भिवंडीचं नाव गिरणीला पर्याय म्हणून आलं, तिथे काय चालतं ते कोणी लिहिलं नाही. मी इचलकरंजीचा. घरचे माग होते.

कारखाना कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू व्हायचा. म्हणून एका छताखालचे माग कागदोपत्री बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावावर वाटलेले असतात. प्रत्येकाकडे दहापेक्षा कमी कामगार. बारा तासांची पाळी. मजुरी मीटरवर आणि पिकावर (पीक म्हणजे विणताना आडव्या धाग्याची एक फेरी). एकटा कामगार अनेक माग बघतो. कसलीही संहिता आली तरी या शेडमध्ये पोहोचत नाही, एक्कावन्न टक्के कशाचे काढणार?

आणि आमच्यासारखा खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत दराने विणून देणारा, मालक. माग माझे, कर्ज माझं, विजेचं बिल माझं. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. तो मीटरला जो दर देईल त्यातून मी मजुरी द्यायची. कामगार माझ्याशी भांडतो आणि त्याचं बरोबरच असतं, कारण त्याला पगार मी देतो. पण माझा दर ठरवणारा माणूस त्या भांडणात कुठेच नसतो. राइटचं परस्परविरोधी स्थान वाचलं, पटलं.

अनुस्वार

यंत्रमागभाऊ, तुमच्याकडे मजुरीवाढीच्या वाटाघाटी होतात त्या कशा? शेडनिहाय तर शक्यच नाही.

यंत्रमाग

गावभर एकदम होतात. एका शेडमध्ये संप करून काही मिळत नाही, सगळ्या गावाचे माग थांबले तरच दखल घेतली जाते. मग प्रांत कार्यालयात नाहीतर सहायक कामगार आयुक्तांकडे बैठक लागते. एका बाजूला कामगार संघटनांचे पुढारी, दुसऱ्या बाजूला यंत्रमागधारकांच्या संघटना. पिकामागे किती पैसे वाढवायचे यावर रात्र रात्र ओढाताण होते आणि आकडा ठरतो. कायद्याने एकमेव संघटना ठरवलेली नसताना हे होतं, म्हणजे सर म्हणतात ते नियमन आम्ही आमचं उभं केलंय. दर वाढला की आम्ही तो द्यायचा कबूल करतो आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याकडे खर्ची वाढवून मागायला जातो. तो म्हणतो, मालेगावला याहून कमीत विणून मिळतं. सुताचा भाव वरखाली झाला की तोही तो आमच्याच खर्चीत बसवतो. त्या बैठकीला व्यापाऱ्यालाही बोलवा, अशी मागणी आम्ही लहान मागवाल्यांनी आणि कामगारांनी मिळून करावी, हे मी आमच्याकडे बोलून पाहिलंय. कामगारांकडचे दोन कार्यकर्ते तयार आहेत. आमच्या बाजूचे लोक अजून व्यापाऱ्याला दुखवायला घाबरतात.